आत्याची गव्हाण

आत्याच्या तोंडून उभ्या जन्मात कुणाला शाबासकी मिळाली नाही. कालवण कितीही झकास झालं तरी तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "खाता येतंय." मी बी.कॉम. झाले तेव्हा पेढा तोंडात टाकून तिने विचारलं होतं, "आता तरी केस नीट विंचरशील ना?" ती पपांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, दवाखान्यात नर्स होती आणि नाशिकला शरणपूरच्या आमच्या बैठ्या घरात राहायची. दवाखान्यातल्या बायकांनाही ती असंच टाकून बोलायची. तरी दुसऱ्या बाळंतपणाला येणाऱ्या बाया आत्याची ड्युटी कधी आहे ते आधी विचारून ठेवायच्या.

डिसेंबर लागला की ही बाई घराचा ताबा घ्यायची. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या यायच्या. संक्रांतीसाठी दुकानात नुकताच आलेला पतंगाचा कागद यायचा. कागद चिकटवायला मैद्याची खळ शिजायची आणि तिला कसर लागू नये म्हणून आत चिमूटभर मोरचूद पडायचं. नाताळच्या चांदणीचं एक जरी टोक वाकडं झालं तरी आत्या सगळा कागद टराटरा फाडायची आणि मला पुन्हा बसवायची. माझी बोटं खळीने कडक व्हायची. आठवडाभर मी तिच्यावर धुसफुसत असायचे आणि चांदणी दारावर चढली की गल्लीभर मिरवायचे.

पण तिचा खरा जीव गव्हाणीत, येशूजन्माच्या देखाव्यात होता. गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून आणलेली चिकणमाती दोन दिवस मळून ती दरवर्षी सगळं नव्याने घडवायची. गोठ्याला सिन्नरहून आणलेल्या बाजरीच्या ताटांचं छप्पर. मरीया नऊवारीत, डोक्यावर पदर. योसेफाला मुंडासं, मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी. मधोमध करंगळीएवढं विणलेलं सूप, आणि ते रिकामं. बाळ नाताळच्या सकाळी, चर्चला निघण्याआधी ठेवायचं. ते बाळ तेवढं आजीच्या हातचं, भाजलेल्या मातीचं. वर्षभर एका पत्र्याच्या डबीत कापसात झोपलेलं असायचं. सूप कशाला, असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "मी काढलेली सगळी पोरं आधी सुपातच निजलीत. ह्यालाच वेगळं काय म्हणून?"

गव्हाणीभोवती पितळी ताटल्यांत गहू पेरलेला असायचा. नाताळपर्यंत तो चार बोटं वर यायचा. शेजारच्या काकू एकदा ते बघून हरखल्या. म्हणाल्या, हे तर अगदी आमच्या घटासारखंच उगवलंय. आत्या ताटलीत पाणी शिंपडत म्हणाली, "उगवणारच. आपला दुकानदार एकच आहे ना."

कुणी गव्हाण बघायला आलं आणि वा वा करू लागलं की ती वैतागायची. "हे बघ्यांसाठी नाही मांडलेलं," ती म्हणायची, "येणाऱ्यासाठी मांडलंय." मला तेव्हा हा तिचा तिरसटपणा वाटायचा.

मग माझं लग्न ठरवायची वेळ आली. पुण्याचं स्थळ होतं. मुलगा इंजिनिअर, घरचे सगळे इंग्रजी शाळांत शिकलेले. चोवीस डिसेंबरला दुपारी ते बघायला येणार होते. मी एका शाळेच्या ऑफिसात होते आणि स्वतःला फार सुधारलेली समजत होते. देवळाली कॅम्पच्या बाजारातून मी एक प्लास्टिकचं झाड आणलं, त्यावर लावायला कापसाचा बर्फही आणला. आत्याने तो चिमटीत धरून बघितला आणि नाशिकची थंडी कमी पडते का, एवढं विचारलं. मी हसले नाही. मला नऊवारीतल्या मरीयेची लाज वाटत होती. हे मी आज सरळ लिहिते, कारण तेव्हा मी त्याला निरनिराळी नावं दिली होती. जागा कमी आहे, खोली मोकळी दिसायला हवी, वगैरे.

त्या दुपारी आत्या झेंडूची तोरणं बांधायला चर्चमध्ये गेली. मी पाटासकट गव्हाण उचलली आणि मागच्या पडवीत मोरीच्या कडेला ठेवली. गव्हाच्या ताटल्याही तिथेच नेल्या. आई दारात उभी राहून बघत होती. बाजूला सरून तिने मला वाट दिली. तिलाही स्थळ हवं होतं.

पाहुणे आले. चहा, करंज्या, कुठे शिकलीस, सगळं रीतसर झालं. उठता उठता मुलाच्या आईने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्याकडे गव्हाण नाही का मांडत?" ही माझी परीक्षा आहे असंच मला वाटलं.

"छे, आमच्याकडे नाही तसलं काही," मी म्हणाले.

आणि मान वळवली तर उंबऱ्यात आत्या. हातात उरलेल्या झेंडूची परडी. तिने पाहुण्यांना नमस्कार केला, शांतपणे आत गेली आणि कपडे बदलू लागली. पाहुण्यांचे चेहरे बघून जमल्यासारखंच वाटत होतं. ते गेल्यावर मी खुशीत कपबश्या घेऊन मोरीवर बसले, विसळल्या आणि बादलीभर पाणी न बघता मागे ओतून दिलं. मागे काय ठेवलंय हे माझ्या डोक्यातही नव्हतं. कच्ची मातीच ती. वळून बघितलं तेव्हा मरीया खाली बसत चालली होती, योसेफाचं मुंडासं पाटावरून वाहत होतं आणि सूप मोरीच्या तोंडाशी अडकलं होतं.

आत्या केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. ती वाकली, सूप उचललं, पदराने पुसलं. मी रडत होते, आता पुन्हा करू म्हणत होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"घरात जागा नव्हती का गं?" तिने विचारलं.

दर नाताळला चर्चमध्ये ऐकलेली, मरीया-योसेफाला कुणी घरात जागा न दिल्याची गोष्ट कुणाच्या घरात घडली हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षी डबी उघडलीच नाही.

लग्न जमलं. आत्याने माझ्या साड्यांना फॉल लावले, पापड लाटले, सगळं केलं. मात्र गहू पुन्हा पेरला नाही, माती मळली नाही. हात थरथरतात म्हणायची. तोच हात पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवायचा, ते मी बघत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या की त्यांची आई मातीची गव्हाण करायची, मरीयेला लुगडं नेसवायची. "नाशिकची मुलगी, हिच्याकडे ती रीत असेल असं वाटलं होतं मला." मी करंज्यांचं ताट उचलून आत गेले. त्यांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, गहू पेरायच्या दिवसांत. तिच्या ट्रंकेत नर्सच्या बिल्ल्याशेजारी ती डबी आणि सूप ठेवलेलं होतं, वर चिठ्ठीवर माझं नाव. माफ केलं म्हणून दिलं की आठवण राहावी म्हणून, हे तिला विचारायची सोय तिने ठेवली नाही.

मी दोनदा माती आणली. माझ्या हातून मरीया उभी राहत नाही. एका वर्षी बाळ प्लास्टिकच्या झाडाखाली ठेवून बघितलं. कुणीतरी टाकून गेल्यासारखं दिसत होतं. उचललं आणि पुन्हा कापसात ठेवलं. तीन खोल्यांचा फ्लॅट आहे आमचा, मोठा हॉल आहे. दर नाताळच्या सकाळी मी डबी हातात घेऊन सगळ्या खोल्या हिंडते आणि शेवटी ती कपाटात ठेवून चर्चला जाते.