खिशातली सुकट आणि कालव्यावरची माघार

कुत्रा भुंकला की मी त्याला बिस्किट देत होतो.

गप्प बसावा म्हणून. आणि बसायचाही तो, बिस्किट संपेपर्यंत. पुढचं माणूस दिसलं की पुन्हा सुरू, आधीपेक्षा जोरात, आणि भुंकता भुंकता नजर माझ्या खिशावर. मी मनात म्हणायचो, काय जीव लावलाय बघा मुक्या जनावरानं. अख्खा उन्हाळा हा उद्योग चालला. एकदा पोरीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आम्ही रस्त्यावरच होतो. तिनं सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही त्याला भुंकायचा पगार देताय."

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या काळात मला दुसरं काही येतच नव्हतं.

कुत्रा तिचाच. शिरवळला कंपनीत होती तेव्हा हायवेच्या कडेला सापडलेलं पिल्लू. मग तिला बंगळूरला नोकरी लागली, घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि एका रविवारी ती हे ध्यान आमच्या गावी, कोरेगाव तालुक्यात, आणून ठेवून गेली. "थोडे दिवस" म्हणाली. लांब तंगड्या, खपाटीला गेलेलं पोट, गव्हाळ रंग. बाप नक्की कारवानी जातीचा शिकारी कुत्रा असणार, आईबद्दल मी बोलत नाही. घरात असा गरीब की मांजरानं त्याच्या ताटलीतलं खावं. पण पट्टा लावून रस्त्यावर आणला की समोर कुत्रं दिसो, मोटरसायकल दिसो, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई दिसो, अंगात आल्यासारखा करायचा. दोन पायांवर उभा, तोंडाला फेस, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी. आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना रांगेत उभं केलेला माणूस.

आणि लोक. लोकांवर तर मी स्वतंत्र चिडलो होतो. ज्याला घरचं म्हातारं सांभाळता येत नाही तो मला कुत्रं सांभाळायला शिकवायचा. "दांडकं घाला." "उपाशी ठेवा." "मिरची हुंगवा." एकानं तर थांबून, कुत्र्याच्या तोंडासमोर वाकून, "भॉ" केलं आणि वर मलाच म्हणाला, "आण्णा, लय तापट हाय हो."

तापट तर तापट. पण आमची खरी गाठ होती सुभेदाराशी.

सुभेदार म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. फौजेतून निवृत्त होऊन आला आणि आल्या आल्या त्यानं शेत नांगरलं. नांगरलं म्हणजे ट्रॅक्टर आमच्या सामाईक बांधाला घासून नेला. पुढच्या वर्षी आणखी घासून. बांध असाच कोरतात. एकदम कोणी नेत नाही, वीतवीत खातात. मी बोललो. तो म्हणाला, बांध तूच कोरलास. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझ्या बायकोशी मात्र तो बोलतो, तिला वैनी म्हणतो, तिच्या हातचा चहाही पितो, मी घरी नसताना.

हा सुभेदार रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं फिरायला निघायचा. ताठ कणा, मिशीला पीळ, आणि पुढं दुडदुडत सुनेनं आणलेलं एक पांढरं, केसाळ, मुठीएवढं कुत्रं. पट्टा नाही. मोकळं. ते सरळ आमच्या अंगावर यायचं, आमचा वेडा व्हायचा, आणि सुभेदार माझ्याकडे न बघता आपल्या कुत्र्याला सांगायचा, "चल बाळा. लोकांस्नी कुत्री पाळाय येत न्हाईत."

मग मीही माझ्या कुत्र्याला सांगायचो, "चल रं. लोकांस्नी बांध पाळाय येत न्हाईत."

आमचं सगळं संभाषण कुत्र्यांमार्फत.

पावसाळ्यात मी पडलो. पोरीनं बजावलं होतं, पट्टा हाताला गुंडाळू नका. तिनं सांगितलं म्हणून मी दोन वेढे जास्त घेतले. पांढरं बाळ समोर आलं, आमच्यानं झेप घेतली, आणि मी त्याच्यामागं चिखलातून पोटावर घसरत गेलो, जवळजवळ सुभेदाराच्या बुटापर्यंत. त्याच्या पायाशी. त्या माणसाच्या. मनगट सुजलं त्याचं काही नाही. तो हसला नाही, याचा मला फार राग आला. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं मला ओलांडलं आणि पुढं गेला.

घरी बायकोनं हळद लावता लावता निकाल दिला. "आवं, हात मोडला असता तर लेंग्याची नाडी मी बांधत बसू व्हय? बास झालं. दिवाळी झाली की माझा भाऊ येईल मेढ्यासनं गाडी घिऊन. त्येच्या गोठ्यावर राखणीला कुत्रं पायजेच हाय."

"साखळीला बांधंल त्यो."

"मग? राखणीचं कुत्रं काय पलंगावर झोपतंय?"

मेव्हण्याचा गोठा मी पाहिलेला आहे. तिथं आधी एक कुत्रं होतं. खुंटीभोवती साखळीच्या लांबीएवढं गोल फिरून फिरून त्यानं जमिनीत चर पाडला होता. ते मेलं तरी तो चर तसाच होता, पावसात त्यात पाणी साचायचं. आमचा हा लांब तंगड्यांचा, वाऱ्यासारखा पळणारा प्राणी त्या चरात फिरणार, हे मला दिसायला लागलं. मी जेवणावरून उठलो. कुणासाठी उठलो ते सांगितलं नाही. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो.

आणि पोरीला फोन लावला. "सांग काय करायचं ते."

ती म्हणाली, आधी त्याला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं ते शोधा. बिस्किट नाही. असं काही, की ज्याच्यापुढं त्याला समोरचं कुत्रं फिकं वाटेल.

मग आमच्या घरात जे चाललं ते जावयाच्या पहिल्या दिवाळीतही चालत नाही. उकडलेलं अंडं झालं. चिकन झालं. तुपात भिजवलेली भाकरी झाली. घरात सगळं मटामटा खायचा, आणि कालव्यावर पांढरं बाळ दिसलं की तोंडातला चिकनचा तुकडा थुंकून भुंकायचा. थुंकून! माझ्या ताटात आठवड्यातून एकदा येणारी वस्तू.

उत्तर तव्यावर सापडलं. बायको सुकट भाजत होती. वाळवलेल्या बारीक कोळंबीचा तो वास. ज्यांना आवडतो त्यांना आवडतो, बाकीचे घर सोडून जातात. दारात सिलेंडरवाला आला होता आणि कुत्रा त्याच्या नावानं नरडं फाडत होता. तव्यावर सुकट पडली, आणि मधेच आवाज बंद. मागं वळला, आत आला, चुलीपाशी बसला आणि बायकोकडे अशा डोळ्यांनी बघायला लागला, जसं मी लग्न ठरल्यावर बघितलं होतं. सिलेंडरवाला त्याच्या शेपटीवरून गेला, तरी त्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात भाजलेली सुकट. विकास सोसायटीच्या मीटिंगला गेलो तर शेजारचा खुर्ची सरकवून बसला. एसटीत माझ्याशेजारची जागा मोकळी राहायची, बाजारच्या दिवशीसुद्धा. देवळाच्या पायरीवर दोन मांजरं माझ्या मागं लागली. मी सगळं सोसलं.

पण पोरीचं अर्धंच सांगून झालं होतं. उरलेलं अर्धं आलं, आणि माझं डोकं फिरलं.

"पप्पा, जवळ गेल्यावर देऊन उपयोग नाही. तो सुभेदारकाकाचा कुत्रा लांब, अगदी ठिपक्याएवढा दिसला ना, की थांबायचं. याचं लक्ष तिकडं गेलं, अजून भुंकला नाहीये, तेवढ्यात सुकट द्यायची. आणि मागं फिरायचं."

"काय करायचं?"

"मागं फिरायचं. घराकडं. तो घाबरलेला असतो पप्पा, म्हणून भुंकतो. त्याला तिथनं लांब जाता आलं पाहिजे. तेच त्याचं खरं बक्षीस."

"मी? त्याला बघून मागं फिरायचं?"

"कुत्र्याला बघून."

"अगं, कुत्र्याच्या मागं तो असतोय."

आता हे बंगळूरला बसून कळत नाही. आमच्या भावकीत ज्याच्याशी बांधाचा वाद, त्याला वाट द्यायची नसते. समोरासमोर आलं तर छाती पुढं काढून मधून चालायचं. बाजूला सरकला त्यानं अर्धा बांध सोडला, आणि जो पाठ फिरवून माघारी गेला त्यानं बांध, विहीर आणि आजोबांची अब्रू सगळंच सोडलं. मी तिला हे समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "बरं. मग मामाला कधी यायला सांगू?"

मी फोन आपटला. हळूच, कारण तो तिनंच घेऊन दिलेला आहे.

आणि मागं फिरलो.

त्या पहिल्या सकाळी ठिपका दिसला, मी चिमूटभर सुकट त्याच्या तोंडात दिली आणि वळलो, तेव्हा माझे कान तापून लाल झाले होते. पाठीत कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. बघतच होता तो. दुसऱ्या दिवशीही वळलो. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती.

"काय आण्णा, सुभेदाराला बघून रिव्हर्स गिअर?"

"कुत्र्याला शिकवतोय."

"व्हय व्हय. कुत्र्यालाच."

"बांधाचं मिटलं म्हणं तुमचं? सुभेदार म्हणत हुता, दादा आता समजुतीनं घ्याय लागलाय."

समजुतीनं! मी चहा तसाच ठेवला आणि निघालो. तो निर्लज्ज माणूस माझ्या माघारीचं भांडवल करत गावभर फिरत होता, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती, कारण खरं कारण सांगावं तर ते आणखी हास्यास्पद. कुत्र्याच्या भल्यासाठी माघार घेतो म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नसता.

आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे, उपाय लागू पडत होता. दसऱ्याच्या सुमारास कुत्रा ठिपका दिसला की भुंकायच्या ऐवजी मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. म्हणजे, दिसला बरं का, आता काढ. मी काढायचो. मग आम्ही थोडं आणखी जवळ जाऊन वळायला लागलो, मग आणखी थोडं. पांढरं बाळ जवळ येत होतं आणि आमचा शांत होत चालला होता. आणि त्याच्या मापानं मी पेटत होतो. सुभेदाराच्या मिशीचा पीळ आता दिसायला लागला होता. आधी लांबून नुसता माणूस दिसायचा. आता त्याचा चेहरा दिसायचा, आणि त्यावरचं ते समाधान.

दिवाळी झाली. मेव्हण्याचा निरोप आला, सकाळी गाडी घेऊन निघतो. बायको म्हणाली, "त्यो यायच्या आत मी एकदा बघते. मगच काय ते सांगीन." तिनं पदर खोचला, चपला घातल्या आणि त्या सकाळी आमच्या मागून कालव्यावर आली. हातात फोन धरूनच.

हंगाम सुरू झाला होता. कारखान्याला ऊस चालला होता. आम्ही मध्यावर पोचलो आणि मागून उसानं लादलेला, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, स्पीकरवर गाणी लावून. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला उसाची भिंत, मागं ट्रॅक्टर. आणि पुढून सुभेदार. पुढं पांढरं बाळ, मोकळं, शेपटी वर.

वळायला जागा नव्हती. मी पट्टा ढिला धरला, जसा पोरीनं सांगितला होता तसा. खिशात हात घातला. कुत्रा ताठ झाला, कान मागं गेले, अंगातून एक थरथर गेली. मग मान वळली. माझ्याकडे बघितलं त्यानं. मी सुकट दिली. बाळ आमच्या पायापाशी येऊन हुंगू लागलं, मी पुन्हा दिली. तो चघळत उभा राहिला. बाळ पुढं गेलं. ट्रॅक्टर आम्हाला घासून, धूळ उडवत निघून गेला. आमचा कुत्रा रस्त्याच्या कडेला बसला, आणि जांभई दिली.

मागं बायको फोनवर बोलत असलेली ऐकू आली. "निघाला न्हाईस न्हवं? मग नगो येऊ. ऱ्हाऊ दे हितंच."

इथं मी घरी जायला हवं होतं. कुत्रा वाचला होता. पण सुभेदार माझ्या बरोबरीनं आला, थांबला, कुत्र्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत, अगदी जरासा, हसला.

माझा ताबा सुटला. काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. बांधापासून सुरुवात केली. ट्रॅक्टर, वीतवीत खाल्लेली जमीन, टपरीवरच्या गप्पा, समजुतीनं घेतो म्हणतोस काय, मोकळं सोडलेलं कुत्रं, चिखलात मला ओलांडून गेलास ते, सगळं. हातवारे करून. एका पायावरून दुसऱ्यावर नाचत. तोंडातून थुंकी उडत होती. उसातल्या तोडकऱ्यांनी कोयते थांबवून उसाचा पाला बाजूला सारून बघितलं. कुत्रा माझ्या पायाशी बसून मान वर करून बघत होता, मी कधी थांबतोय याची वाट बघत.

मला दम लागला तेव्हा मी थांबलो.

सुभेदारानं माझ्याकडे बघितलंही नाही. इतक्या वर्षांत बोलला नव्हता, तो आताही माझ्याशी बोलला नाही. माझ्या मागं उभ्या असलेल्या बायकोकडे वळला आणि म्हणाला,

"वैनी, त्या कुत्र्याला काय घालताय, ते वाईच ह्यास्नीबी घालत जावा."