सीटखालचं लाकूड

काचवाल्याला स्वतःची गाडी हवी होती ती काही हौसेपायी नव्हे. खिडक्यांना काचा बसवणं हा त्याचा धंदा. दुकानात काच कापायची आणि भाड्याच्या टेंपोतून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची. टेंपोवाला खड्डा बघत नसे. एखादी मोठी काच वाटेतच तडकली की तो मागे वळून म्हणायचा, "काच आहे, फुटणारच." हे ऐकून ऐकून काचवाल्याचे कान किटले होते.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, दाजींनी, पाठीने साथ सोडली म्हणून आपली पिकअप विकायला काढली. ताईनेच ते भावाच्या कानावर घातलं. घरातली गाडी घरातच राहील, असं तिचं म्हणणं. दाजींनी त्या गाडीवर लोकांचं फर्निचर वाहण्यात उभा जन्म काढला होता. काचवाला मीटरवरचा किलोमीटरचा आकडा बघत राहिला.

दाजी हसले. "आकडा काय बघतोस? वय बघितलं असतं तर तुझ्या ताईने मला पसंत केलं असतं का?" मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "थकली असेल, पण हिला खोड एकही नाही."

ओळखीच्या मेकॅनिकला एकदा दाखवून घेऊ, असं काचवाला चाचरत बोलला. ताई चहा घेऊन येत होती. आपल्या माणसावर एवढाही भरवसा नाही का, असं तिने हसतच विचारलं, पण कप मात्र जरा जोरात ठेवला. काचवाल्याने विषय तिथेच सोडला. गाडी घेतली.

घरी आणल्यावर नवराबायकोने ती घासूनपुसून काढली. सीटखाली तेलकट चिंध्या होत्या, गंजलेले नट होते आणि एका बाजूने निमुळता, काळाकुट्ट झालेला लाकडाचा ठोकळा होता. दाजींनी गाडीत भंगाराचं दुकानच मांडलं होतं, असं बायको म्हणाली. दोघं हसली. काचवाल्याने ते सगळं स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. मागे जाड गोधड्या अंथरून तो काचा नेऊ लागला. एकही तडकली नाही. टेंपोवाला रस्त्यात दिसला की तो मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

मग चढावरच्या एका नव्या इमारतीचं काम आलं. त्याने गाडी चढाकडे तोंड करून उभी केली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला आणि उतरून मागचा फाळका उघडला. मागे कुंपणाची भिंत होती. मोठी काच दोन्ही हातांत उचलून तो वळला. काचेत पाठीमागच्या गाडीचं प्रतिबिंब हलताना दिसलं. त्याला वाटलं, आपलेच हात हलतायत. तोवर गाडी त्याच्यावर आली होती. गाडी आणि भिंत यांच्यात तो सापडला, आणि त्याच्या नि भिंतीच्या मध्ये काच.

उजव्या तळहाताच्या शिरा तुटल्या. हात राहील, पण पकड येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरच्याच माणसाने आमचा गळा कापला, असं बायको दवाखान्याच्या दारात ताईला तोंडावर बोलली. ताई तिथूनच परत फिरली. दाजी मात्र आत आले. बायकोने त्यांना स्टूल दिलं नाही. ते दुखऱ्या पाठीने उभेच राहिले.

"दाजी," काचवाला म्हणाला, "हँडब्रेक धरत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सपाटीला धरतो. चढाला कधीच धरला नाही." दाजी गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. "पण तू लाकूड नव्हतं का लावलंस चाकाला?"

"कुठलं लाकूड?"

"सीटखालचं. मी तर उतरलो की आधी तेच लावायचो."

काचवाल्याच्या डोळ्यांपुढे तो काळा ठोकळा आला. बायकोलाही आठवला असावा. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"सांगायचं राहिलं रे," दाजी म्हणाले. "सांगण्यासारखं काही आहे, हेच कधी मनात आलं नाही."

काचवाल्याला शिव्या द्यायला माणूस हवा होता, तोही आता उरला नव्हता.

काच कापायचं हत्यार त्याच्या हातात पुन्हा टिकलं नाही. दुकान दुसऱ्याने घेतलं. गाडीला गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याने आधी हँडब्रेकचं सांगितलं. ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. पिकअप घरासमोरच उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून दाजी अधूनमधून येतात, इंजिन चालू करतात, गल्लीत एक फेरी मारून गाडी परत जागेवर लावतात. घरातून कुणी त्यांना आत बोलावत नाही. काचवाला ओट्यावर बसून बघतो. दाजी कंबर धरून खाली वाकतात आणि मागच्या चाकाला नवं लाकूड लावतात.

रस्ता तिथे अगदी सपाट आहे.