दहावा सूचक

वैजनाथ अप्पांची उमेदवारी माझ्यामुळं बाद झाली.

आज अप्पांना जाऊन महिना झाला. हे एकदा लिहून टाकतो.

अप्पा म्हणजे कळंबच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडखाली बसणारे अर्जनवीस. तीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. फेरफार, उत्पन्नाचा दाखला, आणि निवडणूक लागली की उमेदवारांचे फॉर्म.

सगळ्या पक्षांचे. सकाळी एकाचा, दुपारी त्याला पाडायला निघालेल्याचा. दोघांनाही तोच चहा.

शपथपत्रातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हा त्यांचा धर्म. गुन्हा नसेल तर 'लागू नाही' लिहा. जमीन नसेल तर 'निरंक' लिहा.

मी एकदा म्हणालो, अप्पा, संस्कृतात न लिहिलेला शब्द अध्याहृत धरतात.

"मग तुझं संस्कृत छाननीत उडालं म्हणून समज."

संस्कृतात एम.ए. करून मी पेपरचा तालुका प्रतिनिधी झालो, याची त्यांना कायम गंमत वाटायची. हाक मारायचे 'शास्त्री'. देववाणी शिकून सोयाबीनचे भाव लिहितोस, म्हणायचे.

मागच्या विधानसभेला अप्पा स्वतः उभे राहिले. अपक्ष.

निवडून यायचं नव्हतंच. इतक्या जणांची नावं मतदानाच्या मशीनवर चढवली, एकदा स्वतःचं बघायचं होतं. एवढंच.

चिन्हही यादीतून ठरवून ठेवलेलं: सात किरणांसह पेनची निब. मी विचारलं, किरणं कशाला? निबचं मला कळतं, म्हणाले, किरणांचं वरचे साहेब बघतील.

नियम असा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून सही देणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार.

"पक्षाला एक माणूस पुरतो, शास्त्री. एकट्याला धा लागत्यात."

नऊ सह्या मिळायला चार दिवस गेले. ज्यांचे अर्ज आयुष्यभर लिहिले, त्यांनीच हात जोडले. कुणाचा पोरगा पुढाऱ्याच्या संस्थेत चिकटलेला, कुणाची विहीर मंजुरीत अडकलेली. सूचकांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. पुढाऱ्यांना दिसली असती.

दहावा मी.

पेपरवाल्यानं सूचक व्हावं का, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर अप्पांचं भलं झालं असतं.

अप्पांनी फोनवर मतदार यादीतला माझा भाग आणि अनुक्रमांक विचारला. लोकसभेच्या वेळची चिठ्ठी पाकिटात होती. तिच्यावरून वाचून सांगितला.

ती चिठ्ठी तुळजापूरची.

आम्ही मूळचे तिथले, पुजाऱ्यांतले. कळंबला येऊन अठरा वर्षं झाली, पण देवीच्या गावातलं नाव हलवायला हात धजत नव्हता. दर निवडणुकीला तुळजापूरला जायचं. दर्शन, मतदान, भावाकडं जेवण, परतीची एसटी.

लोकसभेला तुळजापूर आणि कळंब एकाच मतदारसंघात. विधानसभेला वेगवेगळ्या.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'सूचक त्याच मतदारसंघाचा हवा' ही चौकट त्याच आठवड्यात माझ्याच नावानं छापून आली होती. वाचकांनी वाचली असेल. लिहिणाऱ्यानं वाचली नाही.

छाननीच्या दिवशी एका पक्षाच्या प्रतिनिधीनं हरकत घेतली. त्या पक्षाचा फॉर्म अप्पांनीच भरलेला. निवडणूक अधिकारी साहेबांनी कळंबची यादी उघडली. माझ्या अनुक्रमांकावर भलत्याच बाईंचं नाव निघालं.

नऊ सूचक वैध. अर्ज नामंजूर.

एका उमेदवाराला चार फॉर्म भरता येतात. अप्पा इतरांना दोन तरी भरायला लावायचे. स्वतःचा एकच भरला. त्याच माणसांपुढं पुन्हा सहीसाठी उभं राहायची लाज वाटली असावी.

बाहेर आलो. मी काहीबाही पुटपुटत होतो. अप्पा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते.

"दुसऱ्या कुणाचा नंबर असता तर म्या यादीत बघितला असता. तुझा काय बघायचा?"



त्या दिवशीची बातमी मीच दिली. वैजनाथ अप्पांचा अर्ज बाद. कारण लिहिलं नाही. तेवढा रकाना रिकामा सोडला.

अप्पांनी शेडखाली बसून माझं नाव कळंबच्या यादीत आणायचा फॉर्म भरून दिला. निवडणूक झाली की दे म्हणाले, पुढल्या बारीला लागशील.

दिला. नवं कार्ड आलं. त्यांना दाखवायला गेलो, तेव्हा ते अंथरुणाला लागले होते. उलटसुलट बघून म्हणाले, "आता तू पात्र झालास. म्या न्हाय राहिलो."

पुढली बारी आलीच नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्याला असतो, नावही तिकडच्याच यादीत. घरात आता दुसरं कुणी नाही. अप्पांचं नाव यादीतून कमी करायला सात नंबरचा फॉर्म लागतो, आणि भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो.

"काका, तुमचं नाव कळंबलाच आहे ना? नक्की?"

आहे. अप्पांनीच आणलंय.

काल फॉर्म भरला. माझा भाग, माझा अनुक्रमांक. यादी उघडून दोनदा तपासला. माझ्या नावाच्या चार पानं आधी अप्पा होते, फोटोसकट. मशीनवर नाही, इथं.

कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं.

एकही रकाना रिकामा सोडलेला नाही, अप्पा. या वेळी छाननीत काही निघणार नाही. अर्ज मंजूर होईल.

तुमच्या दहाव्या सूचकाचा शेवटचा नमस्कार.