सुमीचा नंबर सत्तावीस

“न्यूमोनिया,” डॉक्टर म्हणाले. “फुप्फुसाला सूज आल्ये.” मग सिस्टरकडे वळून, “आणि ही मुलगी दोन तास बाहेर बाकावर होती?”

मुलगी म्हणजे माझी तीन वर्षांची भाची सुमी. भाऊ मुंबईला नोकरीत, वहिनी देवरूखला माहेरी बाळंत झालेली. सुमी माझ्या भरवशावर. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अजून आठवली की स्वतःवरच चिडचिड होते.

माझी वही तयार होती. ताप किती वाजता किती, औषध कधी, दूध किती कप. तीन दिवस ताप एकशे तीन, त्या सकाळी नव्व्याण्णव. रडणंही थांबलेलं. खोकला होता म्हणून दाखवायला निघाले. वारा लागू नये म्हणून, आपण सगळेच करतो तसं, तिला डोक्यापासून पायापर्यंत गोधडीत गुंडाळलं.

दवाखान्यात केसपेपर मिळाला, नंबर सत्तावीस. सुर्वे सिस्टर दारातून नंबर पुकारत होत्या. नंबराला अपवाद एकच: जे मूल भोकाड पसरेल ते आधी आत. एकाचा गुडघा फुटला होता, तोही गेला.

मी उठून वही दाखवली. “नव्व्याण्णव? मग उतरलाय की ताप! झोपल्ये गुणाची पोर, झोपू दे. बसा.”

शेजारी नातवाला घेऊन बसलेली मासेवाली म्हणाली, “वही दाखवून पुढं जायचं काय? मग उद्या मी पाटी घेऊन येत्ये.”

बसले. काय करणार?

पाणी पाजायला गोधडी बाजूला केली तर सुमीचे ओठ निळसर. मासेवालीनेच आधी पाहिलं. “ओ सिस्टर, नंबर ठेवा तुमचा! ही पोर धापत्ये!”

आत डॉक्टरांनी झबलं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता. त्याला चेस्ट इनड्रॉइंग म्हणतात, म्हणजे श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. “ही झोपलेली नाही, बाई. रडायला दम उरलेला नाही.”

माझी तीन पानं भरली होती. श्वास एकदाही मोजला नव्हता.

ऑक्सिजन, इंजेक्शनं, नऊ दिवस. रोज सकाळी डॉक्टर सिस्टरांना बाकापाशी नेऊन गोधडी सोडून श्वास कसे मोजायचे ते शिकवत. या कामाला ट्रायाज म्हणतात, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवणं. सुर्वे सिस्टर कुरकुरत, “चाळीस पोरं, आम्ही दोघी. गोधड्या कधी सोडू?” दोन दिवस सोडल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा नंबर सुरू. मी वॉर्डातून बाहेर येऊन त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले. “आल्या वहीवाल्या!” म्हणाल्या, पण गोधड्या सोडायला लागल्या.

नवव्या दिवशी सुमीला कडेवर घेऊन निघाले. सुर्वे सिस्टर दार लोटून बाकासमोर उभ्या. “वारा येत नाही आता. काढा गोधड्या सगळ्यांनी.” घड्याळावर नजर ठेवून एकेक छाती बघत गेल्या. शेवटच्या टोकाच्या, अजिबात न रडणाऱ्या तान्ह्याला उचलून थेट आत निघाल्या.

“आमचा पयला नंबर हाय!” एक बाप ओरडला. त्याची मुलगी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती.

“ऐकू येतंय मला,” सिस्टर म्हणाल्या. “चांगला दम आहे तिच्यात. थांबा.”

माझा नऊ दिवसांचा राग तिथेच संपला. तुमच्या घरात मूल आजारी पडलं तर वही जरूर ठेवा. पहिला रकाना श्वासाचा. आणि दवाखान्यात पोचलात की आधी गोधडी सोडा.

सुमी बाहेर पडताच चणे हवेत म्हणून भोकाड पसरून रडली. मी तिला मुळीच गप्प केलं नाही.