तीनशे चारची सुरमई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. छे, तुम्ही हसणारच! हसा बापडे. बायको तर अजून हसतेय.

मी रत्नागिरीच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. जुनी दंड संहिता मला तोंडपाठ. झोपेतून उठवा आणि कलम विचारा! आणि मग आली नवी न्याय संहिता. सगळे आकडे इकडचे तिकडे! अहो, आपली चारशेवीससुद्धा गेली. फसवणुकीला आता तीनशे अठरा. एखाद्याला 'तीनशे अठरा' म्हणून बघा, तो थँक्यू म्हणेल!

नवं पुस्तक मी लगेच आणलं. कव्हर घातलं. वाचायचं तेवढं राहिलं.

अशात एका सकाळी यासीनचा फोन. बंदरावरचा मासळीचा व्यापारी, माझा जुना अशील.

"साहेब, मेलो मी! हवालदार म्हणतात, तीनशे चार लागेल!"

तीनशे चार? सदोष मनुष्यवध! मी ताडकन उभा राहिलो.

"अरे, गेलं कोण?"

"सुर्वेबाई गेल्या ना, साहेब! तडक..."

"तडक? म्हणजे जागच्या जागी?"

"एक मिनिट थांबल्या नाहीत वो!"

सुर्वेबाईंनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. "पण कशाने रे?"

"सुरमईने, साहेब. एका सुरमईपायी सगळं झालं."

"केवढी होती?"

"चांगली हातभर!"

झालं! मनातल्या मनात मी शवविच्छेदनसुद्धा उरकलं. हातभर सुरमई, जोराचा फटका, वयस्कर बाई.

"यासीन, घरातून हलू नकोस. कोणाशी चकार शब्द बोलू नकोस. जन्मठेपसुद्धा होऊ शकते!"

"एका सुरमईला जन्मठेप?" पलीकडून धप्पकन आवाज आला. बहुतेक तो खाली बसला.

आता माझी अवस्था बघा. यासीन अडचणीतला माणूस, पण बाईंचा जीव घेणाऱ्याचं वकीलपत्र मी घेऊ? पांढरा शर्ट चढवला. बायको म्हणाली, "अहो, कोणाला तरी विचारून खात्री करा की!"

"कायदा तुला कळतो की मला?" असं म्हणालो मी. हो, म्हणालो!

मोठा हार घेतला आणि रिक्षाने हातखंब्याला, बाईंच्या घरी निघालो. वाटेत वर्गमित्र गजा भेटला. बातमी ऐकून तो तिथेच रडायला लागला, म्हणून त्यालाही रिक्षात घेतला.

बाईंच्या अंगणात चिटपाखरू नाही. "माणसं यायची असतील अजून," गजा नाक पुसत म्हणाला. मी हळूच कडी वाजवली.

दार उघडलं. समोर साक्षात सुर्वेबाई!

गजा दोन पायऱ्या मागे उडाला. मी हार घेऊन तसाच उभा.

"काय रे," बाई चष्मा सारत म्हणाल्या, "सत्कार कसला?"

माझ्या तोंडून काय निघावं? "बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेले होते की. पोलीस ठाण्यात! कोणी सांगितलं तुला?"

मी यासीनचा फोन आणि ते तीनशे चार सांगितलं, मग खरा प्रकार कळला. बंदरावर बाईंनी सुरमईचा भाव ठरवला, मासा पिशवीत घेतला. तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाने जास्त भाव सांगितला आणि यासीनने बाईंच्या हातातून पिशवीच ओढून घेतली. बाई तडक ठाण्यात! हवालदार म्हणाले, ही तर हिसकावून चोरी, तीनशे चार लागेल.

"नवं तीनशे चार," बाई म्हणाल्या. "तू जुनं धरलंस होय? अरे, कायदा बदलला म्हटल्यावर मी पुस्तक मागवून वाचलं. आपल्याला लागू होणार, तर माहीत नको?"

मी हार हळूच पाठीमागे लपवला.

"आणि ऐक, मी गुन्हा नोंदवू दिला नाही. हवालदारांना म्हटलं, ह्याच्या मनात चोरी नव्हती, माज होता. अप्रामाणिक हेतू नाही, तर चोरी नाही, आणि चोरी नाही तर तीनशे चार कुठलं? मी माशाचे पैसेही दिले नव्हते अजून. त्याने येऊन माफी मागावी, एवढंच माझं म्हणणं."

सांगा आता! माझ्या अशिलाचा बचाव, मुद्द्यांसकट, फिर्यादी बाईंनीच करून ठेवलेला. काय ती समज! काय तो मनाचा मोठेपणा! मी तिथेच वाकून नमस्कार केला. गजाने तर दोनदा केला.

यासीनला फोन लावला. तो धापा टाकत आला. बाईंच्या पायाशी बसून म्हणाला, "चुकलो, बाई! भावासाठी माणूस ओळखला नाही मी." बाईंनी त्याला चहा दिला आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलावं यावर अर्धा तास शिकवणी घेतली. तो मान डोलवत ऐकत होता. खरं सांगतो, मीसुद्धा.

तेव्हापासून यासीनला जागेचं, बोटीचं, कसलंही कायद्याचं अडलं की तो आधी हातखंब्याला जातो. मग संध्याकाळी मला फोन येतो:

"साहेब, बाईंनी सगळं समजावलंय. तुम्ही फक्त काळा कोट घालून या."