इंजिनात रुसलेला जावई

माझ्या भासऱ्यांएवढा भित्रा माणूस देवाने दुसरा घडवला नसेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. उमेदीची वर्षं अकोल्याच्या गॅरेजात काढून ते भातकुलीजवळ आमच्या मळ्यात राहायला आले, ते सगळी भीती सोबत बांधून. अंगावर पडेल म्हणून ते पंख्याखाली झोपत नाहीत; पण वाऱ्याशिवाय डोळा लागत नाही, म्हणून खाट दाराशी ओढून लांबूनच पंख्याचा वारा खातात. अमरावतीच्या राजापेठेत रस्ता ओलांडायचा तर एखादी गाय निघेपर्यंत उभे राहतात आणि तिच्या आडोशाने पलीकडे जातात. एकदा गाय भर रस्त्यात बसली, तर हेही तिच्याजवळ थांबले. दोन्हीकडून हॉर्न वाजताहेत, पलीकडून माझे मालक ओरडताहेत, "दादा, या न लवकर!" आणि हे म्हणतात, "इले उठू दे न बापा आधी!"

मी त्यांना हसते, पण मी तरी कुठली शूर! आमच्या घरात भावसून भासऱ्याशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन गप्प. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे पाहून विचारायचे, "च्या होईन काय वं भिंतबाई?" होणार असेल तर मी बांगड्या वाजवायची. दूध नासलं असेल तर वाजवायची नाही. इतक्यावर आमचं वर्षानुवर्षं भागलं.

गंजून बसलेल्या बोल्टला ते जावई म्हणतात. त्याला शिवी द्यायची नाही, हातोडी दाखवायची नाही. तेल घालायचं, ऊब द्यायची आणि रुसवा जाईपर्यंत गोड बोलायचं. "या बापू, या, काहून रागावले?" असं इंजिनात डोकं घालून तासभर चालायचं. माझे मालक एकदा म्हणाले, "तोडून नवीन टाकू." तर भासऱ्यांनी त्यांना हाताला धरून अंगणाबाहेर नेलं. "त्याच्यासमोर बोलतो काय रे असं?"

पण गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी जावई ऐकेना. आमच्या जुन्या व्हॅनचा पाण्याचा पंप गेला होता. जुना पंप काढताना शेवटच्या बोल्टचं डोकं तुटून हातात आलं आणि धड इंजिनात राहिलं. मळ्यात झेंडू तोडणं चालू होतं, अंगणात फुलांचे ढीग पडले होते. संध्याकाळपर्यंत फुलं अमरावतीला गेली तरच त्यांना गिऱ्हाईक. दसरा उलटल्यावर झेंडू कोण घेतो? सणामुळे गावात दुसरी गाडी रिकामी नव्हती. वर्षाचं पीक त्या तुटक्या बोल्टाला अडलं होतं.

आता एकच उपाय होता. बोल्टाच्या मधोमध ड्रिलने भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांची खुंटी बसवायची आणि उलटं फिरवून बोल्ट बाहेर आणायचा. भोक वाकडं गेलं तर इंजिनाचेच आटे खाल्ले जाणार, मग इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही. मालक मळ्यात होते. इंजिन सीटखाली, तिथे दिवसाही अंधार. भासरे सीटकडे पाहून म्हणाले, "कोणी बॅटरी धरीन काय?" मी बांगड्या वाजवल्या आणि बॅटरी घेऊन बाजूला उभी राहिले.

ड्रिल सुरू झालं. ते समोरून पाहत होते, त्यांना सरळ वाटत असेल. मला बाजूने दिसत होतं, ड्रिलचं टोक खाली झुकत चाललं होतं. मी बांगड्या वाजवल्या. घरघरीत कोणाला ऐकू जातात! जोरात वाजवल्या, एक फुटलीसुद्धा. लोखंडाचा भुगा पडतच होता. बोलावं तर रीत मोडते, न बोलावं तर इंजिन जातं. आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, "भाऊजी, थांबा! वाकडं जाऊन राह्यलं!"

ड्रिल थांबलं. ते माझ्याकडे न पाहता हळूच इंजिनाला म्हणाले, "काय रे, तू बोलला काय?"

"मी बोलली," मी म्हटलं. "मागून खाली करा. अजून. आता सरळ हाय."

पुढे मी सांगत गेले, ते हात हलवत गेले. खुंटी बसली. पाना फिरवताना कर्र असा आवाज आला आणि दोघांनीही डोळे मिटले. खुंटी आत तुटली असती तर संपलंच होतं. मी आधी उघडले. बोल्ट फिरत होता. नवा पंप बसला आणि फुलं वेळेत गेली.

त्यानंतर आम्ही बोलू लागलो, पण थोडंच; चहा, मीठ, ऊन. उन्हाळ्यात त्यांची नजर फार अधू झाली आणि त्यांच्या लेकीने त्यांना अकोल्याला आपल्या घरी नेलं. परवा मी भेटायला गेले. आल्याचं कळावं म्हणून मी बांगड्या वाजवल्या. ते म्हणाले, "बोल न वं काही. गाडी कशी हाय?"

मी म्हटलं, सकाळी सुरू होताना खोकते.

"कशी खोकते?"

लेक स्वयंपाकघरात होती. मी दाराकडे पाहिलं, पदर सावरला आणि आवाज काढून दाखवला. त्यांनी डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकला.

"अजून एक डाव काढ," ते म्हणाले.