शेपटीचे प्रश्न, दोन फटके

मी घर सोडलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी पावणेसातला. खिशात तीनशे चाळीस रुपये होते. हजर होते बाबा, माय आणि धाकटा भाऊ रमेश. बाळापूरपासून सहा किलोमीटरवर आमचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि अकोल्याच्या बाजारात विकायची. आदल्या संध्याकाळी मी विहिरीवरची मोटार बंद करायला विसरलो होतो आणि मेथीचे चार वाफे वाहून गेले होते.

“तुले सांगतलं नोतं काय बे, मोटार बंद कर म्हून?” बाबांनी विचारलं.

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नसायचं. प्रश्न संपला की निंबाची फोक सुरू व्हायची. त्या दिवशी सहा फटके बसले. पाचवा कानामागे बसला आणि सदऱ्याच्या कॉलरवर रक्त आलं. मायनं पदर ओला करून ते पुसलं आणि म्हणाली, “जाय बाबू. मांगं पाहू नको. पोचला की पत्र टाकजो.” मी त्याच सदऱ्यानं एसटीत बसलो आणि अमरावतीला उतरलो. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. आज पंचेचाळीस.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, मोजायचे आणि रजिस्टरला चढवायचे, हे काम मला मानवलं. वरचे साहेब दक्षिणेकडचे, इंग्रजीतच बोलणारे. म्हणून काही वर्षांनी कंपनीनं आम्हा बाराजणांसाठी शनिवारी दुपारी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. शिकवायला देवळे मॅडम यायच्या. माझ्याहून लहानच असतील.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी नकारी प्रश्न घेतले. माझ्याजवळ येऊन सहज विचारलं, “डिडन्ट यू ब्रिंग युअर नोटबुक?” आणि माझं कोपर आपोआप कानाच्या वर गेलं. मी वही आणली होती, ती समोरच उघडी होती. तरी हात वर गेला. बाकीचे अकराजण हसले. मागून कोणी तरी म्हणालं, “काकाजी, मॅडम मारत नाही ना!” मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं की इंग्रजीत असा प्रश्न आदरानंही विचारतात. वोन्ट यू सिट डाउन? बसणार नाही का, म्हणजे बसा ना. मग शेपटीचे प्रश्न, म्हणजे क्वेश्चन टॅग, घेतले. वाक्य होकारी असलं तर शेपटी नकारी आणि वाक्य नकारी असलं तर शेपटी होकारी. इट इज हॉट, इझन्ट इट? समोरच्यानं आपल्याशी सहमत व्हावं म्हणून ही शेपटी लावायची.

आपल्या आयुष्यातले नकारी प्रश्न लिहून आणा, असा गृहपाठ मिळाला. मी बाबांचे लिहिले. डिडन्ट आय टेल यू टु स्टॉप द मोटर? कान्ट यू सी? आर्न्ट यू अशेम्ड? असे अकरा झाले. स्टोअरची सवय, म्हणून प्रत्येकापुढे समासात आकडा टाकला. सहा, चार, नऊ. मॅडमनी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि विचारलं, “हे आकडे कसले?” मी म्हणालो, “स्टॉकचे.”

गावी राहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही, पण हळूहळू माझं कोपर खाली आलं. एका साहेबानं मला “वोन्ट यू जॉइन अस?” म्हणून चहाला बोलावलं, तेव्हा मी नीट खुर्ची ओढून बसलो. लग्न झालं, गौरी झाली, कारखान्याजवळच दोन खोल्यांचं घर झालं. गौरीला मी दोनदा मारलं आहे, दोन्ही वेळा हातानं. हे लपवण्यात अर्थ नाही.

माय गेल्यावर बाबांना मी इकडे आणलं. वय चौऱ्याहत्तर. चालायला काठी लागायची, पण हातात ताकद होती. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी गौरी सहावीची तयारी करत बसली होती. तिला माझी जुनी वही सापडली. आकडे कसले, म्हणून तिनंही विचारलं. बारा वर्षांच्या पोरीला स्टॉकचे म्हणून सांगणं मला जमलं नाही. मी खरं सांगितलं, ते त्या त्या प्रश्नानंतरचे फटके.

तिनं वही मिटली. मग बाजेवर बसलेल्या बाबांकडे वळून म्हणाली, “आजोबा, यू हिट पप्पा, डिडन्ट यू?” आणि त्यांना समजावं म्हणून, “तुम्ही पप्पांना मारलं होतं ना?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त खात्री करत होती.

“कोनं शिकवलं हे तुले?” बाबा उठले आणि काठी तिच्या हातावर बसली. ती ओरडली. मी धावलो, काठी हिसकली. त्यांनी थापड मारायला पुन्हा हात उचलला तेव्हा मी त्यांच्या मनगटावर काठी मारली. हात खाली पडला, लटकू लागला. मग मी त्याच जागी दुसऱ्यांदा मारली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. पहिला फटका गौरीला वाचवायला होता. दुसरा नव्हता. तो मारताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

रिक्षानं तिघांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. माझी बायको सुनीता खाली फरशीकडे बघत उभी होती. डॉक्टरनी पेन उघडलं आणि विचारलं, “घसरून पडले ना आजोबा?”

अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या मायला दोनदा असंच विचारलं होतं, “पडली ना बाई?” दोन्ही वेळा ती हो म्हणाली आणि शेजारी उभं राहून मीही मान हलवली. अशा प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आपण फक्त सही करायची.

बाबाच आधी बोलले. “पडलो. मोरीत पडलो.”

गौरी आपला सुजलेला हात धरून माझ्याकडे बघत होती. आज मी मान हलवली असती तर पुढे कधी तिला कोणी विचारलं असतं तेव्हा तीही पडलेच म्हणाली असती.

“नाही डॉक्टर,” मी म्हणालो. “मी मारलं. दोन फटके. आणि हिला यांनी, एक.”

डॉक्टरनी पेन खाली ठेवलं. चौकीतून शिपाई आला. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, “माही तक्रार नाही.” माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. दुसऱ्या दिवशी हाताचं ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसली. चौथ्या दिवशी रमेश गाडी घेऊन आला आणि बाबांना घेऊन गेला. जाताना म्हणाला, “म्हाताऱ्या बापाले मारतं काय बे? आता गावात पाय ठेवू नको.”

तेव्हापासून मी गावी गेलो नाही. इतकी वर्षं सुट्टी मिळाली की मी ‘घरी जातो’ म्हणायचो आणि माझे पाय बाळापूरकडे वळायचे. आता तसं म्हणत नाही. आठवड्यानं गौरीनं विचारलं, “पप्पा, तुम्ही मला पुन्हा मारणार नाही ना?” शेपटीला जे उत्तर हवं असतं ते मी लगेच दिलं नाही. काठी मी जाळली होती, पण हात माझाच होता. ते तिला सांगितलं आणि मग म्हणालो, “नाही मारणार.” आता मला घर विचाराल तर ते हे, जिथे एक पोरगी असं विचारू शकते आणि विचारल्यावर तिला मार बसत नाही.

दवाखान्याचं बिल एकतीस हजार चारशे झालं, ते मी भरलं होतं. चार महिन्यांनी रमेशनं मला अमरावतीच्या एसटी स्टँडवर बोलावलं. घरी आला नाही. हातात एक पिशवी दिली, तिच्यात बिलाचे बरोबर निम्मे, पंधरा हजार सातशे होते.

“बाबानं देल्ले,” तो म्हणाला. “म्हने, पोरीले मारलं म्हून पयला फटका माह्या नावावर लिव. दुसरा तुह्या.”

मी पैसे मोजले, बरोबर होते. बाबांचे पंधरा हजार सातशे मला मिळाले, अशी रमेशला सही दिली. उरलेले पंधरा हजार सातशे दवाखान्याला मी दिलेले आहेत, ते माझ्याच नावावर आहेत.